गृहकृत्यदक्ष रेझ्युमे

सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या वर्तमानपत्रांतल्या 'वधू पाहिजे'च्या छोट्या जाहिराती ज्यांनी वाचल्या आहेत त्यांना 'गृहकृत्यदक्ष' हा शब्द नक्की आठवत असेल. मुलगी सुस्वरूप, पदवीधर आणि गृहकृत्यदक्ष! बोलण्यात हा शब्द कधी कुणी वापरला नाही. माझ्या आईनं नऊ माणसांचं घर चालवलं, पण 'काय गं तू गृहकृत्यदक्ष' असं तिला कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. तो शब्द जाहिरातीतच जन्मायचा आणि तिथंच राहायचा. मुलाकडचे मागतात म्हणून मुलीकडच्यांनी आपल्या पत्रात तो घालायचा. जिला धड आमटीला फोडणी देता येत नसे तीही गृहकृत्यदक्ष आणि जी बाराव्या वर्षापासून चूल सांभाळत होती तीही गृहकृत्यदक्ष. त्यावरून कुणालाच काही कळत नसे, पण तो घातला नाही तर मात्र पत्र बाजूला पडे.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे माझी भाची आणि तिचा रेझ्युमे.

भाची पुण्याला असते. बी.कॉम. झाल्यावर चाकणच्या एका कारखान्यात अकाउंट्सला आठ वर्षं होती. २०१९ च्या मार्चअखेरीचे हिशेब संपवून तिनं नोकरी सोडली. मुलगा दोन वर्षांचा, आणि सासूबाईंना अर्धांगाचा झटका आलेला. पुढची साडेपाच वर्षं त्या अंथरुणावर होत्या. २०२४ च्या दिवाळीनंतर त्या गेल्या. मुलगा आता स्वतःचं दप्तर स्वतः भरतो. तेव्हा हिनं ठरवलं की पुन्हा नोकरी करायची. घरात तिच्या पगाराची गरज आहे आणि तिलाही ती आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या, त्यातली पहिली सांगायला लोक लाजतात म्हणून मुद्दाम लिहिते.

तर २०२५ मध्ये तिनं चाळीसएक ठिकाणी अर्ज केले. सगळे अर्थात ऑनलाइन. एकदा रात्री अकरा वाजता अर्ज पाठवला आणि अकरा वाजून चार मिनिटांनी नकार आला. छान गोड इंग्रजीत, आपल्या उज्ज्वल भविष्यासाठी शुभेच्छा वगैरे. मला फोन करून म्हणाली, "आत्या, चार मिनिटांत कुणी वाचला असेल का गं?"

नव्हताच वाचला कुणी. ही एटीएसची करामत. एटीएस म्हणजे अ‍ॅप्लिकंट ट्रॅकिंग सिस्टिम, अर्ज गोळा करून, लावून, चाळून ठेवणारं सॉफ्टवेअर. आमच्यासारख्या म्हाताऱ्यांसाठी सांगायचं तर शाळेच्या ऑफिसातला आवक-जावक रजिस्टर सांभाळणारा क्लार्क, पण असा क्लार्क की ज्याला हेडमास्तरांनी सांगून ठेवलंय, 'बी.एड. नसेल तर माझ्यापर्यंत आणूच नका.' तो प्रथम तुमच्या रेझ्युमेचे तुकडे करतो. नाव एका खणात, फोन दुसऱ्या, शिक्षण तिसऱ्या, कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत कुठे होता ते चौथ्या. मग एचआरमधली मुलगी त्या खणांत शोध घेते, म्हणजे 'टॅली' टाइप केलं की टॅलीवाले वर. हल्ली काही ठिकाणी तो स्वतःच गुण देऊन क्रमही लावतो.

भाचीचा रेझ्युमे कोपऱ्यावरच्या डीटीपीवाल्याकडून केलेला. दिसायला फार देखणा. डावीकडे निळी पट्टी, तिच्यात फोटो, फोटोखाली कौशल्यांपुढे चांदण्या. माणसाला छान वाटेल. सॉफ्टवेअर मात्र कधीकधी दोन्ही रकाने आडवे वाचत जातं, म्हणजे डावीकडची अर्धी ओळ आणि उजवीकडची अर्धी ओळ मिळून एक वाक्य! चांदण्यांचा त्याला काही अर्थ लागत नाही. त्यातून आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, तशाच क्रमानं हिनं नाव लिहिलेलं. एका पोर्टलनं आडनावाला नाव आणि शेवटी असलेल्या नवऱ्याच्या नावाला आडनाव करून टाकलं. जावईबापू तेवढे खूश झाले.

चार मिनिटांतला नकार मात्र बहुधा चांदण्यांमुळे नसतो. अर्जाबरोबर काही प्रश्न असतात. सध्या नोकरीत आहात का? अमुक प्रणालीवर किती वर्षांचा अनुभव? तिथं 'नाही' किंवा शून्य लिहिलं की गाडी तिथंच थांबते. इंटरनेटवर जिथंतिथं एक आकडा सापडतो की ७५ टक्के रेझ्युमे माणसापर्यंत पोचतच नाहीत. त्या आकड्यामागे कुठलाही अभ्यास नाही. रेझ्युमे सुधारून देण्याचा धंदा करणाऱ्या आणि पुढे बंद पडलेल्या एका कंपनीच्या प्रचारातून तो पसरला आणि त्याच धंद्यातले बाकीचे लोक अजून तो सांगत असतात. भीती दाखवल्याशिवाय ताईत विकला जात नाही, तसंच हे.

ताईत म्हणजे दुसरं सॉफ्टवेअर. चाळणीतून आपला रेझ्युमे खाली कसा पडेल ते सांगणारं. भाचीचा धाकटा भाऊ हिंजवडीला आयटीत आहे, त्यानं ते ताईच्या लॅपटॉपवर चालू करून दिलं. एका बाजूला नोकरीची जाहिरात चिकटवायची, दुसऱ्या बाजूला आपला रेझ्युमे. ते दोन्ही ताडून बघतं आणि टक्के सांगतं. भाचीला ३८ टक्के पडले. जन्मात कधी साठच्या खाली न गेलेली पोर, चेहरा एवढासा झाला. मी तेव्हा चार दिवस तिच्याकडेच होते. रोज दुपारी आम्ही दोघी ते उघडून बसायचो, मी चष्मा पुसत आणि ती मला 'आत्या, स्क्रीनला बोट लावू नकोस' असं सांगत.

आता माझं मत सांगते. हे सॉफ्टवेअर वापरावं. आमच्या भजनी मंडळात मी हे बोलले तेव्हा दोघीतिघींनी नाकं मुरडली. 'म्हणजे आता स्वतःबद्दलही दुसऱ्यानं लिहायचं?' पण पहिल्या दुपारी मी जे पाहिलं ते त्यांनी पाहिलं असतं तर नाकं सरळ झाली असती.

भाचीनं रेझ्युमेत लिहिलं होतं की ती पार्ट्यांची बिलं तपासून पेमेंट करायची, महिनाअखेरीला खाती बंद करायची, बँकेचं स्टेटमेंट जुळवायची. साध्या, थोड्या मोडक्या इंग्रजीत. सॉफ्टवेअर म्हणालं, जाहिरातीत 'अकाउंट्स पेएबल' आहे ते तुमच्याकडे नाही. 'व्हेंडर रिकन्सिलिएशन' नाही. 'मंथ-एंड क्लोजिंग' नाही. भाची बघतच राहिली. "अगं आत्या, हे सगळं मी आठ वर्षं केलंय. याला हे नाव आहे हे मला कुणी सांगितलंच नव्हतं."

या वाक्यावर मी फार विचार केला. मी स्वतः मराठी माध्यमाची. बी.ए. मराठीतून केलं आणि आयुष्यभर मराठी माध्यमाच्या मुलांना शिकवलं. आपली मुलं काम शिकतात ती हातानं. साहेब म्हणतो 'ते पार्टीचं बघा जरा', आणि ती बघतात, उत्तम बघतात. पण त्या कामाचं जे भारदस्त नाव जाहिरातीत छापलेलं असतं ते त्यांच्या कानावरून गेलेलंच नसतं. इंग्रजी शाळेतून, चांगल्या कॉलेजातून आलेल्या, ज्याचे वडीलही ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर होते अशा मुलाला ते जेवणाच्या टेबलावर फुकट मिळतं. माणूस समोर असेल तर दोन मिनिटांत कळतं की हिला काम येतंय. चाळणीला कळत नाही. तेव्हा जो शब्दकोश एकाच्या घरी आधीपासून होता तो दुसऱ्याला यंत्रानं दिला, तर त्यात मला लबाडी दिसत नाही.

आणि प्रत्येक ठिकाणासाठी अर्ज थोडा वेगळा करणं हेही काही कलियुगातलं नाही. लिओनार्दो दा व्हिंचीनं १४८२ च्या सुमारास मिलानच्या लुडोविको स्फोर्झाला लिहिलेल्या पत्राचा मसुदा उपलब्ध आहे. त्याला पुष्कळ लोक जगातला पहिला रेझ्युमे म्हणतात. त्यात दहा मुद्दे आहेत. हलके पूल, वेढ्याची यंत्रं, तोफा, झाकलेले रथ... सगळं लढाईचं. शेवटी जाता जाता, शांततेच्या काळात आपण इमारती बांधू शकतो आणि चित्रकलेतही कुणाला हार जाणार नाही असं म्हटलंय. लुडोविकोला लढाया करायच्या होत्या, चित्रं नंतर. अहो, मी स्वतः १९७४ मध्ये अर्ज केले तेव्हा एका संस्थेला 'मराठी व इतिहास' लिहिलं आणि दुसरीला 'इतिहास व मराठी'. जिला स्काउट-गाईडचा शिक्षक हवा होता तिच्या अर्जात कॉलेजातलं एन.सी.सी. पहिल्या परिच्छेदात आणलं. फूलस्केपवर, शाईच्या पेनानं, 'माननीय मुख्याध्यापक यांचे सेवेशी'. मी एन.सी.सी.त खरोखरच होते, एवढं मात्र नक्की.

आता दुसऱ्या दुपारची गोष्ट. आदल्या दिवशी ज्या बटणानं योग्य शब्द दिले तेच बटण दुसऱ्या दिवशी आणखी पुढं गेलं. जाहिरातीत ई-इन्व्हॉइसिंग होतं. सॉफ्टवेअर म्हणालं, कौशल्यांत घाला, चार टक्के वाढतील. भाचीनं घातलंही, आणि मग स्वतःच थबकली. ई-इन्व्हॉइस सुरू झालं १ ऑक्टोबर २०२० ला, तेही आधी पाचशे कोटींच्या वरच्या उलाढालीच्या कंपन्यांना. उतरत उतरत पाच कोटींपर्यंत आलं ते १ ऑगस्ट २०२३ पासून. हिनं नोकरी सोडली २०१९ ला! अकाउंट्समधला कुणीही माणूस मुलाखतीत पहिल्याच मिनिटाला विचारील, 'बाई, हे तुम्ही कुठं केलंत?' टॅलीचंही तसंच. ही टॅली ईआरपी ९ वर काम केलेली, जाहिरातीत टॅलीप्राइम. ते आलं नोव्हेंबर २०२० मध्ये. ही मात्र जरा मधली गोष्ट आहे, कारण जुनं येणाऱ्याला नवं आठवडाभरात जमतं. पण जमेल आणि जमतंय यांत फरक आहे.

पुढे तर कहर झाला. 'प्रक्रिया सुधारून ३० टक्के वेळ वाचवला' असं एक वाक्य त्यानं आपणहून लिहिलं. हे ३० कुठून आले? भाचा म्हणाला, "आत्या, आकडा असला की इम्पॅक्ट दिसतो." दुसऱ्या वाक्यात हिच्या हाताखाली पाच जणांची टीम दिली. हिच्या हाताखाली एक शिकाऊ मुलगा होता, तोही डबा खायला गेला की तासभर यायचा नाही.

आणि मग ती साडेपाच वर्षं. सॉफ्टवेअरला ती सहन होईनात. तांबड्या अक्षरांत 'गॅप' दाखवून म्हणालं, इथं 'फ्रीलान्स फायनान्स कन्सल्टंट' लिहिता येईल. भाचीनं खरं कारण टाइप केलं, घरी सासूबाईंची शुश्रूषा. त्यावर त्यानं क्षणात एक ओळ बनवून दिली, 'होम हेल्थकेअर ऑपरेशन्स मॅनेजर'. आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. हसणं थांबल्यावर भाची म्हणाली, "म्हणजे आत्या, त्यांच्या हिशेबी मी एवढी वर्षं एक तर खोटी कन्सल्टंट होते, नाही तर काहीच नव्हते." मला 'गृहकृत्यदक्ष' आठवला तो त्या वेळी.

आमच्या शिक्षकी पेशात याला 'सेवाखंड' म्हणतात. विनाअनुदानित शाळांतले शिक्षक बंधू-भगिनी हा शब्द झोपेतही ओळखतील. मग सरकार परिपत्रक काढून तो खंड 'क्षमापित' करतं. क्षमापित! जणू काही गुन्हाच केला होता. भाचीनं त्या वर्षांत एका बाईला दर दोन तासांनी कुशीवर वळवलं, बेडसोअर होऊ दिला नाही, मेडिक्लेमची कागदपत्रं भांडून मंजूर करून घेतली. कुणी क्षमा करावी असं त्यात काय आहे मला कळत नाही. पण ते मॅनेजरगिरीचं सोंग घालून सांगावं असंही त्यात काही नाही.

भाच्याशी माझा वाद झाला तो इथं. तो मुलगा वाईट नाही, ताईवर त्याचा जीव आहे. त्याचं म्हणणं असं, की समोर माणूसच नाही. यंत्र वाचतंय, मग आपल्याकडूनही यंत्रानं लिहिलं तर फसवणूक कुणाची? शिवाय सगळे हेच करतात. "ताई एकटी खरं लिहून बसली तर तिचा नंबर चारशेवा. आधी आत तर जाऊ दे, मग मुलाखतीत काय ते सांगेल." त्याच्या ओळखीचे काहीजण तर पांढऱ्या कागदावर पांढऱ्या अक्षरांत अख्खी जाहिरात चिकटवून ठेवतात, माणसाला दिसत नाही आणि यंत्राला दिसते. तेवढं मात्र तोही चुकीचं मानतो. आता तर ही युक्ती पकडणारंही सॉफ्टवेअर आलंय म्हणे.

त्याच्या बोलण्यातली एक गोष्ट मला मान्य करावी लागली. दार अडवून यंत्र बसवलंय ते कंपनीनं, भाचीनं नाही. पण आत गेल्यावर समोर माणूसच असतो ना? आमच्या वेळी गुणपत्रिकेची नक्कल राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यावी लागायची. त्या सहीसाठी तहसील कचेरीत तीन-तीन खेटे घातलेत मी. २०१४ नंतर सरकारनं हळूहळू स्वसाक्षांकन मान्य केलं, म्हणजे आपल्या कागदावर आपणच सही करून सांगायचं की हे खरं आहे. मला ते फार आवडलं होतं. रेझ्युमे म्हणजे तरी दुसरं काय? खाली सही नसली तरी प्रत्येक ओळ स्वसाक्षांकितच असते.

म्हणून तिसऱ्या दुपारी मी भाचीची तोंडी परीक्षा घेतली. रेझ्युमेतल्या एकेका ओळीवर बोट ठेवायचं (स्क्रीनला न लावता) आणि म्हणायचं, यावर दोन मिनिटं बोल. जिथं ती बोलू शकली ती ओळ ठेवायची, सॉफ्टवेअरनं सुचवलेली असली तरी. जिथं अडली ती काढायची, तिनं स्वतः लिहिलेली असली तरी. 'मंथ-एंड क्लोजिंग'वर ती दहा मिनिटं थांबेना. ३० टक्क्यांवर गप्प. पाच जणांच्या टीमवर हसली.

यात एक अनपेक्षित गोष्ट निघाली. मी सहज विचारलं, "१ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा तू काय करत होतीस?" "अगं, काय विचारतेस! तीन महिने घरी नऊच्या आत आले नाही." दोनशे चाळीस पुरवठादार. प्रत्येकाचा नवा नंबर मिळवायचा, तपासायचा, मालाचे एचएसएन कोड लावायचे. पुरवठादारानं त्याच्या रिटर्नमध्ये आपलं बिल दाखवलं नाही तर कारखान्याची कराची वजावट अडचणीत, म्हणून एक्सेलमध्ये एकेक बिल जुळवून न दाखवणाऱ्याला फोन. भोसरीचा एक फॅब्रिकेटर होता, त्याला कॉम्प्युटर येत नव्हता, तर ही रविवारी त्याच्या मुलाला फोनवरून शिकवायची. सहा महिन्यांत थकलेली बहुतेक बिलं जुळली. आणि हे सगळं रेझ्युमेत कुठंच नव्हतं! तिला वाटलं, ते तर कामच होतं, त्यात सांगण्यासारखं काय. सॉफ्टवेअरला ते माहीत असणं शक्य नव्हतं, कारण त्याला प्रश्न विचारायचा नव्हता, जाहिरातीतले शब्द मोजायचे होते. दोनशे चाळीस पुरवठादारांची ओळ आम्ही सगळ्यात वर घातली. आकडा असला की इम्पॅक्ट दिसतो, भाचा म्हणतो ते काही खोटं नाही.

ई-इन्व्हॉइस आणि टॅलीप्राइम काढून टाकलं, आणि भाची दोन महिने ओळखीच्या एका सी.ए.च्या ऑफिसात बिनपगारी जाऊन दोन्ही शिकली. मग घातलं, कुठं आणि कधी शिकलं त्यासकट. साडेपाच वर्षांपुढे एक ओळ लिहिली, की कुटुंबातील आजारी व्यक्तीची पूर्णवेळ शुश्रूषा. मॅनेजर नाही, कन्सल्टंट नाही. रकाने काढले, चांदण्या काढल्या, नाव आधी आणि आडनाव नंतर. 'बी.कॉम.'पुढे 'बॅचलर ऑफ कॉमर्स' असंही लिहिलं, कारण कुठला क्लार्क काय शोधील सांगता येत नाही. टक्के पडले ७१. भाच्याच्या पद्धतीनं ९२ पडत होते.

हा एकवीस टक्क्यांचा तोटा कुणी सोसायचा, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर भाचीकडे मागणं मला अन्यायाचं वाटतं. हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि अ‍ॅक्सेंचर यांनी २०२१ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतल्या कंपन्यांचा एक अहवाल काढला. त्यात ८८ टक्के कंपन्यांनीच कबूल केलंय की जाहिरातीतल्या अटींशी तंतोतंत जुळत नाहीत म्हणून चांगले कुशल उमेदवारही आपल्या चाळणीत बाद होतात. जवळपास निम्म्या कंपन्या सहा महिन्यांहून मोठा खंड दिसला की अर्ज बाजूला काढत होत्या. सहा महिने! आपल्याकडे २०१७ पासून बाळंतपणाची रजाच सव्वीस आठवड्यांची आहे.

अमेरिकेतलंच आणखी एक प्रकरण न्यू जर्सीच्या भाच्यानं पाठवलं, ते वाचून मी थोडी हबकलेच, कारण ते शिक्षकांचं होतं. आयट्यूटरग्रुप नावाची ऑनलाइन इंग्रजी शिकवणारी कंपनी. तिचं सॉफ्टवेअर पंचावन्नच्या पुढच्या बायकांना आणि साठच्या पुढच्या पुरुषांना आपोआप नाकारत होतं. एका उमेदवाराला नकार आला. तोच अर्ज फक्त जन्मतारीख अलीकडची करून पुन्हा पाठवला, तर मुलाखतीचं बोलावणं! तिथल्या सरकारी आयोगानं दावा लावला आणि २०२३ मध्ये कंपनीनं ३ लाख ६५ हजार डॉलर देऊन तो मिटवला. ती जन्मतारीख बदलली नसती तर चाळणीतली ही खोट बाहेर कशी आली असती कोण जाणे. आता भाचा मला विचारतो, "मग आत्या, ते खोटं चाललं का?" चाललं, बाबा. पण त्या खोट्यानं नोकरी मिळवायची नव्हती, चोर पकडायचा होता.

आम्ही बोर्डाचे पेपर तपासायचो तेव्हा गाईडमधले निबंध यायचे. चाळीस मुलांच्या 'पावसाळ्यातील एक दिवस'मध्ये त्याच वेळी तेच काळे ढग आणि तोच मोर. मुलांचा राग यायचा, पण त्यांना तरी काय म्हणणार, गुण तसेच मिळत होते ना! त्या गठ्ठ्यात एखादा पोरगा लिहायचा की पावसात आमचं घर गळतं आणि आई पातेली लावते. नमुना उत्तरात पातेली नसायची. तरी आम्ही त्याला गुण देऊ शकत होतो, कारण वाचणारी आम्ही होतो. आणि आमच्यावरही नियामक असायचे. आमच्या गठ्ठ्यातले काही पेपर ते पुन्हा तपासायचे, त्यांत नापासांचेही असायचे. तिथं एखादा चुकून बुडालेला सापडला की आम्हाला जाब द्यावा लागायचा.

कंपन्यांकडे माझं एवढंच मागणं आहे. हजारो अर्ज येतात, चाळणी लागणार, हे मला कळतं. पण महिन्याला नाकारलेल्या ढिगातले कुठलेही पंचवीस अर्ज काढून एका अनुभवी माणसानं, त्या कामातल्या माणसानं, एचआरच्या नव्हे, सावकाश वाचावेत. दुपारचं एक चहाचं काम आहे ते. त्यात दोन-तीन चांगले सापडले तर चाळणीची भोकं बदलावीत. आपल्या वाचकांपैकी जे अशा कंपन्यांत मोठ्या जागांवर आहेत (आणि आमच्याच घराण्यात तीन आहेत, त्यांनी हे आपल्यालाच उद्देशून आहे असं खुशाल समजावं) त्यांनी हे करून बघावं आणि काय सापडलं ते मला कळवावं.

भाचीला ७१ टक्क्यांवर आतापर्यंत दोन ठिकाणांहून फोन आले. एका ठिकाणी मुलाखतही झाली. छोटी कंपनी, मालक स्वतःच समोर बसले होते. भोसरीच्या फॅब्रिकेटरची गोष्ट त्यांनी दोनदा सांगायला लावली. मधल्या वर्षांबद्दल विचारलं, हिनं सांगितलं, ते 'बरं' म्हणाले आणि पुढच्या प्रश्नाला गेले. निकाल अजून आलेला नाही. दुसरी मुलाखत येत्या गुरुवारी आहे, आणि बुधवारी रात्री फोनवर पुन्हा एकदा तोंडी घ्यायची असं ठरलंय, ई-इन्व्हॉइस रद्द करायची मुदत किती यापासून सुरुवात. मलाही ते आधी वाचून ठेवायला हवं.